जावेसारखाच मॉनिटर

थोरली घरी बसून संगणकावर छापायच्या पुस्तकांची पानं लावायची. धाकटी जाऊ शेजारच्या खोलीत गेम खेळायची. धाकटीने वक्र, भलामोठा मॉनिटर आणला आणि सासूबाईही त्यावरच्या मोटारशर्यती बघायला बसू लागल्या, तेव्हा थोरलीच्या पोटात दुखू लागलं.

ती तडक दुकानात गेली.

"मॅडम, अक्षरांच्या कामाला हा सपाट घ्या," दुकानदार म्हणाला. "तो वक्र गेमवाल्यांचा."

"मग? मीही खेळते!" ती ठसक्यात म्हणाली. आयुष्यात ती पत्त्यांपलीकडे काही खेळली नव्हती.

नव्या मॉनिटरवर सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या आणि बारीक अक्षरं पिंजल्यासारखी. विचारणाऱ्याला मात्र ती "झकास!" म्हणायची.

काही दिवसांनी धाकटीला घरून करायची नोकरी लागली. "ताई, दिवसभर अक्षरंच वाचायची आहेत, तुमचा जुना सपाट मॉनिटर कामाला घेऊ?" तिने विचारलं. थोरलीला नाही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी त्याच जुन्या मॉनिटरवर कोरल्यासारखी अक्षरं पाहून थोरलीचा जीव पुन्हा जळला.

"माझं एक पान इथे तपासू का गं?" शेवटी तिने विचारलं.

"बसा ना!" धाकटी हसून उठली. ते हसू थोरलीला दिवसभर टोचत राहिलं.