पोळ्याच्या झुलीतला कुत्रा

आमच्या घरी भिंतीवर एक फोटो आहे. रंगीत आहे, पण आता सगळा लालसर पडलाय. त्यात आमचा कुत्रा पोळ्याच्या बैलासारखा सजून उभा आहे. पाठीवर झूल, कपाळावर बेगडाची मठाटी, गळ्यात घुंगुरमाळ, अंगावर गेरूचे ठिपके. घरी आलेला माणूस हमखास म्हणतो, "कसा सरळ उभा राह्यला जी, मोठा शिकवेल कुत्रा दिसते." आमची ही चहा मांडायला आत निघून जाते.

आमची भाजीची वाडी हिंगणीच्या बाजूला. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. जंगलातून रानडुकरं उतरायची, म्हणून कुत्रा ठेवला. त्याला मी कधी दोरी लावली नाही. नावही ठेवलं नव्हतं, "यू यू" केलं की जिथे असेल तिथून यायचा. दुपारी मी मचाणाच्या सावलीत टेकलो की हा माझ्या चपलेवर तोंड ठेवून झोपायचा.

माझा साळा वर्ध्याला नोकरीत. ऐंशी सालाच्या मागेपुढे त्याने कॅमेरा घेतला आणि दर पोळ्याला तो घेऊन आमच्याकडे येऊ लागला. बैल धुऊन, शिंगं रंगवून झाली, की गावच्या तोरणाखाली न्यायच्या आधी अंगणात जोडीचा फोटो निघायचा. एका वर्षी माझी पोरगी म्हणाली, "मामा, आपल्या कुत्र्याचाही काढाचा. तो बी तं वर्षभर राबते."

मला पटलं. गोऱ्ह्याची लहान झूल घरात होतीच. पोरीने पुठ्ठ्याला बेगड चिकटवून मठाटी केली, वाटीच्या काठाने गेरूचे ठिपके उठवले.

पण कुत्रा उभा राहीना. झूल पाठीवर पडली की लोळायचा, मठाटी पंजाने ओढायचा. पोरगी हसून हसून खाली बसली. कुडाबाहेर शेजारी जमा झाले.

"अजी, बैलाले वेसण घाला पह्यले," एक म्हणाला.

"अरे, कुत्रं आयकत नाई यांचं, घरचे काय आयकत असतीन," दुसरा म्हणाला.

साळा म्हणाला, "राहू द्या भाऊजी. रोल संपत आला, जोडीचा काढाचा हाय अजून."

"काढाचा म्हंजे काढाचा. तू कॅमेरा धर."

मी कोपऱ्यातून तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, काढली आणि त्याच्या पाठीवर आडवी हाणली. झुलीवरूनच. तो ओरडला नाही. उठला आणि उभा राहिला. साळ्याने फोटो काढला. कुडाबाहेर सगळे गप्प झाले, आणि खोटं कशाला सांगू, तेव्हा मला बरं वाटलं.

ही बैलांच्या पूजेचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"अवो, झूल कोनं घातली त्याले?"

"म्या."

"मंग आज तो बैलच हाय. पोयाच्या दिशी बैलाले मारते का कोनी?"

आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या अंगाला काठी लावत नाहीत. आदल्या सांजेलाच तुतारी बाजूला ठेवायची, बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पायावर डोकं टेकायचं. वर्षभर मारलेलं असतं, त्याची ती माफी. हे मला बापाने शिकवलं होतं, आणि मी त्याच दिवशी तुतारी हातात घेतली. चार लोक हसले म्हणून.

"कुत्रा हाय तो," मी म्हणालो.

तिने बैलांची पूजा केली, मग कुत्र्याला कुंकू लावलं, पुरणपोळी त्याच्यापुढे ठेवली आणि मला म्हणाली, "पडा पाया."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी बैल सोडले आणि तोरणाकडे चालता झालो.

त्यानंतर कुत्र्याने राखण सोडली नाही. "यू यू" केलं की अजूनही यायचा, पण हात पोचणार नाही इतक्या अंतरावर थांबायचा. चपलेवर झोपणं बंद झालं. जनावर आहे, विसरेल, असं मी धरून चाललो.

पुढच्या पोळ्याला साळा कॅमेरा घेऊन आला, तेव्हा मी मनात ठरवलं होतं. या खेपेला त्याला पाहिजे तसा बसू द्यायचा, लोळला तर लोळू द्यायचा, आणि तोच फोटो भिंतीवर लावून जुना उतरवायचा. कोणी बघायला नको म्हणून फाटक लावून घेतलं. सकाळी मी त्याला माझ्या हाताने पुरणपोळी दिली. हातातून त्याने घेतली नाही, खाली ठेवल्यावर खाल्ली.

मग मी खुंटीवरची झूल काढली. तोंडातून शब्द काढला नव्हता. कुत्र्याने झूल पाहिली, उठला आणि आपणहून भिंतीजवळ जाऊन उभा राहिला. मागच्या वर्षी होता त्याच जागी, तसाच सरळ. शेपूट पोटाखाली.

साळा खूश झाला. "वा भाऊजी, यंदा तं काईच तरास नाई. टाका झूल."

"नाई काढाचा फोटो."

"काऊन?"

मी झूल खाली ठेवली आणि कुत्र्यापुढे गुडघ्यावर बसलो. यंदा डोकं टेकायचंच होतं. पण मी वाकू लागलो तसे त्याने डोळे मिटून घेतले आणि पाठ आवळून धरली.

मी तसाच मागे सरलो. उठून फाटक उघडलं, त्याला जायचं तर जाऊ दे म्हणून. तो गेला नाही. मी झूल उचलून आत नेईपर्यंत तो तिथून हलला नाही.