पट्टाच जड होता

एरंडेलाचा वास आला की जालन्यातल्या कारखान्यातला जुना लेथ आठवतो. निजामी नुकतीच संपली होती. लेथचा वेग बदलायला चामडी पट्टा हातानं डोक्यावरच्या एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवावा लागे, आणि लेथ चालवणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादांचा त्यातच फार वेळ जाऊ लागला. मी त्यांच्या हाताखाली होतो. पट्ट्याला एरंडेल चोळलं, टाके नव्यानं घातले, तरी फरक पडेना. मग दिसलं, उस्तादांचा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. मालक म्हणाले, "मशीन बराबर असंल तर मंग माणूस बदलू." उस्ताद खाली बघत राहिले. मी म्हणालो, "पट्टाच जड हाय, मालक. दोघांनी सरकवावा लागंल." तेव्हापासून आम्ही दोघं सरकवायचो. परवा फळीवरचा डबा मला काढता येईना, तेव्हा सून तो खाली देत म्हणाली, "फळीच उंच बसलीय, मामंजी."