ब्लँकेट कुणी पांघरलं?

काल बाबा बोलता बोलता मध्येच थांबले, ते अजून माझ्या मनातून जात नाही.

बाबा फौजेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्याच पलटणीतले शिंदेकाका दर रविवारी आमच्याकडे चहाला यायचे आणि दोघांचा एकच वाद रंगायचा. बर्फात चौकीची वाट बंद झाली होती, तेव्हा दोघांत मिळून एकच ब्लँकेट कोरडं उरलं होतं.

"ते यानं मला पांघरलं आणि स्वतः कुडकुडत बसला," बाबा सांगायचे.

"साफ खोटं! यानंच मला पांघरलं," काका उसळायचे.

आम्ही हसायचो. गेल्या महिन्यात काका गेले.

काल भाचेजावई आले होते. बाबांनी तीच हकिकत काढली. "शिंद्यानं ब्लँकेट मला पांघरलं," असं म्हणून ते सवयीनं शेजारच्या खुर्चीकडे बघत थांबले. 'खोटं' म्हणायला तिथं कुणीच नव्हतं.

"फार मोठ्या मनाचा माणूस," जावई आदरानं म्हणाले.

मला वाटलं, आठवण दोघांची असते तोवर ती भांडते, हसते. एकट्याच्या वाट्याला आली की तिची नुसती माहिती होते. ऐकणारे माना डोलावतात, आणि तेच सोसत नाही.

बाबांनी हातातला कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "तो म्हणायचा, 'यानंच मला पांघरलं.' असेलही. त्याचंच खरं असेल."

जन्मभर त्यांनी हे कबूल केलं नव्हतं. काल केलं, तेव्हा ऐकायला काका नव्हते.