सातव्या दिवसाची अंडी

पौडच्या हसिनाबी गावरान कोंबडीची पिल्लं विकायच्या. अंड्यांवर बसायला आलेल्या खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, की सातव्या दिवशी खोलीत अंधार करून त्या एकेक अंडं जुन्या मिणमिणत्या टॉर्चवर धरून पाहत. आत लाल शिरा दिसल्या तर ठेवायचं, नाहीतर बाहेर काढायचं. गेल्या खेपेला त्यांनी रिकामी म्हणून टाकलेली दोन अंडी फुटली आणि आत जीव निघाला. तेव्हापासून त्यांना घास गोड लागेना.

"डोळं गेलं माझं. ही शेवटची कोंबडी बसवली," त्या लेकीला म्हणाल्या.

ती निखत, हिंजवडीत नोकरीला. तिनं चार्जिंगच्या सेलचा छोटा एलईडी टॉर्च आणला. सातव्या दिवशी तो लागेचना. हसिनाबींनी सेल काढून पत्र्यावर उन्हात टाकला. उतरलेले सेल त्या नेहमी तसेच तापवत.

निखत धावली. "अम्मी, हा लिथियमचा हाय, पेट घेईल!"

"आजवर इतके तापवले, एक तरी पेटला का?"

"हा पेटंल. मग आमलेटच खा."

सेल अजून गारच होता. तो चार्जरला लावला. तीन तासांनी दोघी अंधाऱ्या खोलीत बसल्या. पांढऱ्या उजेडात पहिल्याच अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या, मधला ठिपका हलला. हसिनाबी बराच वेळ बघत राहिल्या. मग अंडं हळूच कोंबडीखाली सरकवून म्हणाल्या,

"निखत, शेजारची काळी बी खुडूक हाय. उद्या तिला मागून आणू का?"