मशीनला पाजलेलं दूध

काका आधी पाइपला हात लावायचे, मग माणसांना नमस्कार करायचे. तळहात क्षणभर टेकवून म्हणायचे, "चालून राहिलं बरोबर." असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. यंत्राची तब्येत विचारल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त होऊन ते कुम्हारीजवळच्या आमच्या डेअरीत आले. मी तिथे प्रयोगशाळेत होतो, भिलाईतल्या वैशाली नगरहून बसने यायचो. टाक्या धुतलेलं दुधाळ पाणी बारीक पडद्यांतून दाबाने गाळून पुन्हा वापरायचं, असं नवं मेम्ब्रेनचं यंत्र डेअरीत बसलं होतं. ते त्यांनी सांभाळायचं. नागपूरच्या साहेबांनी बजावून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत नीट चाललं तर ठीक, नाहीतर दुसरी बोअर मारू."

त्या बोअरचा काकांनी धसका घेतला होता. भिंतीपलीकडच्या वस्तीत त्यांचं घर होतं. डेअरीची एक बोअर दिवसभर उपसायची आणि उन्हाळ्यात वस्तीची हापशी कोरडी पडायची. "दुसरी मारली त आमाले घर सोडा लागन," एवढंच म्हणायचे.

विश्वकर्मा पूजेला इकडे सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो. आमची मंडळी तेवढ्यावर थांबली नाहीत. डेअरीच ती, दुधाला काय तोटा! काका पलीकडे प्रसाद वाटत होते, तेवढ्यात प्रत्येकाने तूप घातलेल्या दुधाचा एकेक लोटा नैवेद्य म्हणून पडद्यांआधीच्या टाकीत ओतला. दुपारी दाबाचा काटा चढला, बाहेर पडणारी धार करंगळीएवढी झाली. पडदे तुपाने बुजले होते.

पूजेसाठी आलेले साहेब धावत आले. "कोणी केलं हे?"

"सगळ्यांनीच जी," काका म्हणाले. "नवं लेकरू आहे म्हून दूध पाजलं. आता पोट साफ करा लागन."

"काका, आमाले वाटलं..." कुणीतरी पुटपुटलं.

"कावून वाटलं बापा? पाण्यातलं दूध काढासाठीच त याले बसवलं!"

सगळे हसले. 

कोमट क्षाराच्या पाण्याने काकांनी पडदे धुवायला घेतले. धुवायचं, थांबायचं, पुन्हा धुवायचं. मला राहवेना. "दाब वाढवू का?"

"नाही भाऊ. जोर केला त फाटन. सुटन ते हळूहळू. तुमी बसा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काटा खाली आला. दिवाळी गेली, साहेबांनी दुसऱ्या बोअरचा विषय काढला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तर गाळलेलं पाणी पुरू लागल्याने जुनी बोअरही अर्धा दिवस बंद राहू लागली. त्यानंतरच्या पूजेला काका स्वतःच टाकीपाशी पातेलं घेऊन उभे. सगळ्यांचं दूध त्यात घेतलं आणि चहा ठेवला. "देवाले चहाबी चालते."

या वैशाखात ते गेले. छातीत दुखल्याचं निमित्त झालं.

तेरवीला मी वस्तीत गेलो. जेवणं उरकल्यावर बायका हापशीवर मोठी पातेली घासायला बसल्या. जुन्या सवयीने त्या भराभर हापसत होत्या, मध्येच पाणी तुटेल या धाकाने. काकांची बायको दारात बसून होती. 

"हळू हापसा वं," ती म्हणाली. "पाणी हाये."