आमच्या दारातला पूर

"तुझ्या दारात कुनी नदीची ओटी भरली का गं कंदी? न्हाई ना? मग पूर कुटनं आला?"

सरपंच देवळाच्या पायरीवर बसून बोलला आणि सगळा गाव हसला. पाटबंधारे खात्याचे साहेबही हसले. मी खाली चपलांच्या ढिगापाशी, उन्हात. आमच्या लोकांची उभं राहायची जागा तीच. पिरंगुटच्या कारखान्यात खाडा करून आले होते, ते हे ऐकायला.

आमच्याकडे नदी चढली की गावातल्या बायका घाटावर जातात. पाणी जिथवर आलं तिथं खणानारळाने तिची ओटी भरतात, आता माघारी फिर म्हणतात. ओटी भरली तिथवर पूर आला, असा गावाचा हिशेब. पण मान पाटलिणीचा. आमच्या बायकांनी घाटावर पाऊल टाकायचं नाही. आणि पाटलीणबाई आमच्या वस्तीत कशाला मरायला येतेय?

वस्ती देवळामागे, ओढ्याच्या कडेला. नदी फुगली की ओढा उलटा फिरतो आणि घाटाच्या आधी आमच्या घरात पाणी शिरतं. त्या पावसाळ्यात बाप अंथरुणाला खिळलेला. दार उचकटून त्याला त्यावर निजवला आणि आम्ही मायलेकींनी कमरेइतक्या पाण्यातून माळावर नेला. मागे घराची भिंत बसली. बाप ओरडत होता, मला टाका आन् तुमी जावा.

पाऊस सरल्यावर साहेब आले, पुराचा जुना नकाशा नवा करायला. पूररेषेच्या आत ज्याचं घर, त्याला वर माळावर जागा मिळणार होती. आईने तर चूल कुठं मांडायची तेही मनात ठरवलं होतं. साहेबांनी गावाला विचारलं, पाणी कुठवर येतं? गावाने ओटीची जागा दाखवली. साहेबांनी तिथून काठाकाठाने रेघ ओढली. ओढा कुणी दाखवलाच नाही. बरं, खोटं बोलले म्हणावं तर तसंही नाही. त्यांच्या लेखी आमच्याकडे पूर येतच नाही. याचाच मला अजून संताप येतो.

मी म्हटलं, साहेब, चार पावलं चला, पडलेली भिंत बघा. साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, ही बैठक घरमालकांची आहे, तुझ्या बापाच्या नावावर काय आहे? काय असणार? गावाची कामं करायला गावानेच आज्याला तिथं बसवला. त्याचा कागद कोण देतंय?

"लई झालं," सरपंच म्हणाला. "सायबाच्या पाया पड आन् घरी जा."

मी हलले नाही. पण माझ्या मागे आई होती. ती खरंच वाकली. त्या चपलांपाशी, भुईला डोकं टेकवून. पुरात बापासकट दार खांद्यावर धरणारी बाई ती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. दंडाला धरून तिला उभी केली.

"आये, ऊठ. आपून काय भीक मागाया आलो न्हाई."

आणि मी पायरी चढले. एक, मग दुसरी. देवळात कालवा उठला. कुणीतरी वेणीला धरून मला खाली ओढलं, गुडघे फुटले. साहेबांनी नकाशा गुंडाळला आणि जीपमध्ये जाऊन बसले. शिकलेला माणूस!

घरी येताना आई रडत होती. म्हणाली, गाव आता पानी भरू द्यायचा न्हाई, वाळीत टाकंल. म्हटलं, टाकू दे. आत तरी कधी घेतलं होतं?

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बायका घेऊन पौडला साहेबांच्या कचेरीत गेले. शिपाई म्हणाला, साहेब दौऱ्यावर, पुढच्या आठवड्यात या. आम्ही दारातच बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्हाला ओलांडावं लागत होतं. आई माझ्या शेजारी, मान खाली घालून. मी तिची हनुवटी वर केली. सांगितलं, साहेब येऊन वस्तीत पाय ठेवीस्तोवर हितनं उठायचं न्हाई, आन् तो कचेरीत आला तरी त्याच्या मानापायी उठून उभं ऱ्हायचं न्हाई.