घडाला बांधलेलं शेवटचं पान

परवा फळवाल्याने द्राक्षं कागदात गुंडाळून दिली आणि मला पिंपळगावची आमची बाग आठवली. लहानपणी एकदा तिथे, उन्हाने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना कागद बांधायचं काम चालू होतं. रद्दी संपली तेव्हा काकांनी आमचं अर्धंच वाचून झालेलं कॉमिक फाडून वापरलं. त्यात दोन वेगळ्या कंपन्यांचे सुपरहिरो पहिल्यांदाच एकमेकांना भिडले होते, एक माझा आणि एक चुलतभावाचा. जिंकलं कोण, ते शेवटच्या पानावर होतं. भर दुपारी आम्ही वेलींखाली वाकून एकेक कागद सोडवू लागलो. बोट लागलं की मण्यांवरची पांढरी झाक जाते आणि व्यापारी तो घड घेत नाही, म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होतो. पान सापडलं, तोच मागून काका गरजले, "कोण हाय रे तिथं?" भाऊ म्हणाला, "शेवट बघायचा होता." काकांनी पान हिसकावलं, उभ्याउभ्या सगळं वाचलं आणि परत घडाला बांधलं. "कोणीच नाय जिंकत. दोघं दोस्त होत्यात. चला घरी." त्यापेक्षा त्यांनी दोन ठेवून दिल्या असत्या, तर मी कधीच विसरलो असतो.